तालमीच्या भिंतीवर तुम्ही नाही

अहो, समाचाराला येणाऱ्या बायका माझ्याकडे चोरून बघतात. मी रडत नाही हे त्यांना खटकतं. मास्तरीण आहे, काळीज घट्ट असेल, असं काहीतरी मागे बोलतात. त्यांना काय सांगू? रडू यायच्या आधी राग येतो आणि तो काही ओसरत नाही. तात्यांवर राग, चांदवस्तादांवर राग, सगळ्या गावावर राग. आणि तुमच्यावर तर सगळ्यांत जास्त. तुम्ही होता तेव्हा माझा राग हसण्यावारी न्यायचात. "बाई, शाळा सुटली आता," म्हणायचात आणि अंगाला तेल लावायला बसायचात. आता ऐकून घ्या.

आपल्या घरात भांडण एकच होतं, पण संसारभर पुरलं. तालमीची भिंत. देवळामागच्या तालमीत मारुतीच्या कोनाड्याच्या दोन्ही अंगांना गावच्या नामांकित पैलवानांच्या तसबिरी आहेत. कुणाची लावायची हे तालमीचे पंच ठरवतात, आणि पंच म्हणजे सरपंच तात्या. बाकीचे मान हलवायला. मी ती भिंत कधी बघितली नव्हती, पण तुम्ही इतक्यांदा सांगितली होती की डोळे मिटून कुणानंतर कोण ते सांगितलं असतं. पहिले तुमचे गुरू चांदवस्ताद, ते योग्यच. मग जहागीरदार, ज्यांनी लंगोट कधी नेसला नाही, पण कुस्तीच्या हौद्यासाठी जागा दिली. मग तात्यांचे चुलते, ज्यांनी तळेगावच्या एका पैलवानाचा हात असा पिरगाळला की तो पुन्हा भाकरी थापण्याएवढासुद्धा वळला नाही. गाव अजून ती कुस्ती अभिमानानं सांगतं.

मी विचारायची, तुमची कधी लागणार? लग्नानंतरची ती वर्षं तुम्ही चाकणपासून तळेगावपर्यंतच्या जत्रांतून फेटे बांधून येत होता. तुम्ही म्हणायचात, लागंल की, घाई काय. आणि मग तुम्ही तुमची स्वतःची भिंत सांगत बसायचात. ज्याच्या हातून समोरच्याचं हाड मोडलं नाही, तो आधी. आपला जिंकायचा डाव ज्यानं धाकट्या पैलवानाला शिकवला, तो त्याच्यानंतर. हरल्यावर जो समोरच्याच्या पाठीवरची माती झाडतो, त्याला कोनाड्याच्या अगदी जवळ जागा. मी म्हणायची, या हिशेबानं तात्यांच्या चुलत्यांना खाली उतरवावं लागेल. तुम्ही जीभ चावायचात. गावाबद्दल वाईट बोललेलं तुम्हाला खपत नसे. तिथंच आपलं बिनसायचं.

मग संस्थानं गेली. जे सरदार पैलवान पदरी बाळगायचे त्यांचंच भागेना. माझ्या पगारात घर चालत होतं, तुमचा खुराक चालत नव्हता. दूध तुटलं, बदाम तुटले, तुमचे खांदे उतरायला लागले. गावातल्या एकानंही विचारलं नाही की निवृत्ती पैलवान काय खातो. जत्रेला मात्र सगळ्यांना तुम्ही हवे होता. त्या वर्षी मुंबईचा एक माणूस आला, तिकिटाच्या कुस्त्या लावणारा. गोऱ्या पैलवानांशी, पंजाबी पैलवानांशी, दोरखंडांच्या चौकोनात, दिव्यांच्या उजेडात. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, हेही त्यानं लपवलं नाही. तुम्ही वस्तादांना विचारायला गेलात. ते म्हणाले, जा, पण माझ्या मातीचं नाव तिथं घेऊ नको. आणि त्या दिवसापासून त्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं. लहानपणापासून ज्यांनी तुमच्या कानाची पाळी मोडेस्तोवर तुम्हाला घडवलं, ते तुम्ही समोरून आलात की तोंड फिरवून उभे राहू लागले.

गावानं शब्द काढला, नाटकी पैलवान. ज्या तोंडांनी तुम्हाला जत्रेत खांद्यावर घेऊन आरोळ्या ठोकल्या त्याच तोंडांनी. आणि हेच गाव अजूनही एका गाजलेल्या बरोबरीच्या कुस्तीच्या गोष्टी सांगतं. त्या कुस्तीतले दोघेही भिंतीवर आहेत. ती बरोबरी आदल्या दिवशी ठरली होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. मातीत ठरवून खेळलं की परंपरा, आणि तिकीट लावून खेळलं की बेइमानी. हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मी मुलींना गणित शिकवते, मला नाही कळत.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडावर बायका जात नाहीत. तुम्ही खेळताना मला कधी दिसला नव्हता. मुंबईत मात्र बायकांना बसायला जागा होती. एकदाच गेले, माझा भाऊ सोबत होता. तुम्हाला बघून आधी हसूच आलं. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, आणि तो माणूस भोंग्यातून ओरडतोय, मावळचा वाघ. समोर काळा मुखवटा घातलेला तो धिप्पाड. त्यानं तुम्हाला डोक्यावर उचलून खाली आपटलं तेव्हा मी भावाचं मनगट घट्ट धरलं. लोक शिट्ट्या मारत होते. तुम्ही उठलात, पुन्हा पडलात, पुन्हा उठलात. तुमचं सगळं शरीर मी तिथं पहिल्यांदा काम करताना बघितलं. पायांचे चवडे कुठे टेकतात, पाठ कशी वळते, पडताना हनुवटी छातीशी कशी येते. मला वाटलं होतं की तुम्ही ताकदीचे आहात. तुम्ही इतके हुशार आहात हे मला माहीत नव्हतं.

खेळ संपल्यावर मागच्या दारापाशी तुम्ही दोघं शेंगदाणे खात उभे होता. मुखवट्याच्या आतला माणूस बचनसिंग. फाळणीत घरदार गेलेला, मऊ आवाजाचा. मी घाबरले होते हे तुम्ही त्याला सांगितलंत. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "भाभीजी, फिकर मत करना. गिराते वक़्त इनकी गर्दन मेरे हाथ में होती है, और मेरी इनके हाथ में."

परतताना सबंध वाटेत तुम्ही त्याच्याबद्दल बोलत होता. इतक्या लोकांना त्यानं उचलून टाकलं, एकाचंही बोट मोडलं नाही. भिंतीवर असा माणूस पाहिजे, म्हणालात. मग स्वतःच हसलात, पण त्याचा फोटो कसा लावणार, तोंडच कुणी बघितलेलं नाही. मी म्हटलं, आणि तुमचा? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, माझं काय गं, मी इकला गेलो.

तोही शब्द गावाचाच होता. तुम्ही तो उचलून आपल्या अंगावर घेतलात. मी तेव्हाही भांडले होते, की विकला गेलात म्हणजे काय, कष्ट विकले, सगळेच विकतात, मी शिकवणं विकत नाही का? तुमच्या बाजूनं मी एकटीच भांडत आले आणि तुम्ही मात्र नेहमी समोरच्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलात. याचा मला राग आहे. तो आजचा नाही.

गुडघे बोलायला लागले तेव्हा तुम्ही परत आलात. पिंपरीला कारखाना उभा राहिला होता, फाटकावर तुम्हाला काम मिळालं. मला वाटतं ते आपले सगळ्यांत चांगले दिवस. कोकणातले, मराठवाड्यातले नवे कामगार शिफ्ट सुटली की तुमच्याभोवती कोंडाळं करायचे, त्या मुखवटेवाल्याची गोष्ट सांगा म्हणायचे. तुम्ही त्यांना पडायचं कसं ते दाखवायचात. एकदा फाटकासमोरच्या गवतात चारपाच मोठे बाप्ये धपाधप पडत होते आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून प्रत्येकाची चूक सांगत होता. शाळेतून परत येताना मी लांबून बघत उभी राहिले होते. तुम्हाला सांगितलं नाही कधी.

पुढल्या चैत्रात गावच्या बैठकीत कुणीतरी तुमच्या तसबिरीचा विषय काढला. तात्या म्हणाले म्हणे, लावू की, त्यात काय. पण आधी जत्रेत उतरू द्या. खऱ्या मातीत एक कुस्ती करून दाखवू द्या, गावाचं मन साफ होईल. तुम्ही हे सांगायला घरी आलात तेव्हा तुमचा चेहरा लग्नातल्यासारखा दिसत होता.

मी म्हटलं, "चाळिशीला टेकलात तुम्ही. गुडघा दुमडत नाही नीट."

"म्हनून तर. आनखी दोन वर्सांनी कोन बोलवनार हाय?"

"कुणासाठी उतरायचंय? तात्यांसाठी?"

तुम्ही गुडघा चोळत बसलात. मग म्हणालात, "वस्ताद येनार हायेत फडावर. बघत्याल तरी."

यावर मी काय बोलणार होते? पुष्कळ बोलले. तुम्ही कुणाचं काय चोरलंय म्हणून साफ व्हायचंय, असंही बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून जोर काढायला लागलात. ते भांडण तिथंच अर्धवट राहिलं.

जत्रेच्या दिवशी मी अंगणात धान्य निवडत बसले होते. फडावरची हलगी घरापर्यंत ऐकू येत होती. हलगी थांबली की कुस्ती निकाली निघाली असं समजायचं, आणि मग गलका उठतो. हलगी थांबली. गलका उठला नाही. मी सूप खाली ठेवलं आणि उभी राहिले.

तुमच्यासमोर वाकडच्या बाजूचा सोपान होता, तरणा, अंगानं खोंडासारखा. त्याची काही चूक नव्हती. त्यानं तुम्हाला खांद्यावरून टाकलं, सरळ डाव. तुम्ही पडलातही बरोबर, हनुवटी छातीशी घेऊन, असं बघणारे सांगतात. पण फड खणलेलाच नव्हता. खळ्याच्या जागेवर वरवर कुदळ मारून चार गाड्या तांबडी माती पसरली होती. खाली मुरूम. दोन दिवस आधीपासून फड खणून माती मऊ करावी लागते, हे तालमीत जाणाऱ्या लहानग्यालाही माहीत असतं. तात्यांना पुढाऱ्यांसाठी मांडव घालायचा होता. माणसं त्या कामाला लावली होती.

तुम्हाला दाराच्या फळीवर घालून आणलं. पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी मानेतल्या शिरेचं सांगितलं आणि काही दिवसांनी घरी पाठवून दिलं. मुंबईत दिव्यांखाली वर्षानुवर्षं पडलात, ती खोटी कुस्ती. त्यात तुम्हाला साधी लचक भरली नाही. गावच्या खऱ्या मातीनं एका पडण्यात तुमचे हातपाय काढून घेतले.

सोपान रोज यायचा. तुम्हाला कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नसे. तो इतक्या हळू वळवायचा की मला बघवत नसे. तुम्ही त्याला म्हणालात, कुस्ती सोडू नको, सोडलीस तर मी पडलेला वाया गेलो. तो बाहेर जाऊन कोपऱ्यात उभा राहिला. त्याच्यावर माझा राग नाही, हे त्याला मी सांगितलं आहे. रागातून तेवढा एकच माणूस मला वगळावासा वाटला.

आणि मग तो दिवस. मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होते. मानेखाली तुम्हाला काही कळत नव्हतं. पायाला मुंगी चावली तर मी बघून सांगायची. आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "आता लावत्याल गं."

आधी मला कळलंच नाही काय लावतील ते. कळलं तेव्हा मी वाटी खाली ठेवून परसात गेले. तुम्ही हाका मारत राहिलात. तुम्हाला वाटलं असेल मला भरून आलं. मला भरून आलं नव्हतं. ज्या माणसांनी तुम्हाला मुरमावर टाकलं त्यांच्या भिंतीवर जागा मिळेल म्हणून तुम्ही खूश होता. मला त्या क्षणी काहीतरी फोडावंसं वाटलं. पण घरात फोडण्यासारखं काही नव्हतं आणि पेज गार होत होती. मी परत आले आणि उरलेली भरवली. तुम्ही आणखी थोडे दिवस होता. तो विषय आपण दोघांनीही पुन्हा काढला नाही.

तुमचं दिवसकार्य झाल्यावर चांदवस्ताद आले. बैलगाडीतून, कुणाचा तरी हात धरून. दाराशी बसले. आत या म्हटलं तर आले नाहीत. पुष्कळ वेळानं म्हणाले, "सूनबाई, फड सुरू व्हायच्या आधी म्या नेहमी उतरून माती हातानं बघतो. जन्मभर बघितली. त्या दिवशी उतरलो न्हाई. उतरलो असतो तर त्याच्यासमोर जावं लागलं असतं."

ते रडत होते. पांढरी दाढी भिजली होती. मी त्यांना पाणी दिलं. ते म्हणाले, माफ कर. मी म्हटलं, "वस्ताद, ते तुमच्या तोंडून एक शब्द ऐकायला उतरले होते. माफी त्यांच्यापाशी मागायची होती. ती द्यायला मी कोण?" बाजूला उभ्या असलेल्या बायकांना हे फार लागलं. म्हाताऱ्या माणसाला असं बोलावं का? बोलावं. तुम्ही त्यांना कधीच बोलला नसता, म्हणून मी बोलले.

मग तात्या आले, पंचांना घेऊन. बसले, चहा घेतला, तुमच्याबद्दल बरंच बरं बोलले. शेवटी म्हणाले, "वहिनी, गावाची इच्छा हाय. पैलवानांची तसबीर लावू. चाकणच्या जत्रंतली, फेटा बांधलेली आसंल ती द्या."

मी आतून फोटो आणला. मुंबईचा. तुम्ही आणि बचनसिंग शेजारी शेजारी, तो मुखवट्यात, तुम्ही बुटात, दोघांचे हात एकमेकांच्या खांद्यावर. तात्यांनी तो हातात घेतला आणि बाजूला ठेवला.

"ह्यो न्हाई चालायचा, वहिनी. तालीम हाय ती. तिथं मारुती हाय."

मी म्हटलं, पोशाख बदलला म्हणून मारुतीला कुणी ओळखलं नाही, असं कधी झालंय का? ते हसले नाहीत. मी सांगितलं की या माणसानं दहा वर्षं जे केलं ते झाकून त्याचा अर्धा फोटो लावायचा असेल तर नका लावू. चुलत्यांनी मोडलेला हात झाकून त्यांना लावलंत, तुमचं तुम्हाला लखलाभ. इथं मला काही झाकायचं नाही. आणि लावायचाच असेल तर शेजारी एक ओळ लिहा, फड कुणी खणला नव्हता ती. तात्या उठले. जाताना म्हणाले, दुःखात आहात, नंतर बोलू.

नंतर बोलले नाहीत. परवा शाळेत एका मुलीनं सांगितलं, बाई, तालमीत पैलवानांचं नाव लिहिलंय. फोटो मिळाला नाही म्हणून भिंतीवर तांबड्या कावेनं लिहून घेतलं होतं. मी विचारलं, काय लिहिलंय? तिनं पाठ करून आणलं होतं. कैलासवासी निवृत्ती पैलवान, अखेर मातीकडे परतले.

अखेर. परतले. म्हणजे मधली सगळी वर्षं तुम्ही वाट चुकला होता, आणि मान मोडून घेतलीत हे तुमचं प्रायश्चित्त. तुमच्या मरणाचाही त्यांनी आपल्या बाजूनं निकाल लावला.

काल सकाळी मी फडकं घेतलं आणि तालमीत गेले. आपल्या गावात कुठली बाई तिथं आत गेलेली नाही. आत पोरं बैठका मारत होती, ती थांबली. कुणीतरी म्हणालं, बाई, इथं न्हाई यायचं. मी चपला बाहेर काढल्या होत्या. हौद्याच्या कडेकडेनं गेले. माती तेलाच्या आणि लिंबाच्या वासाची होती, मऊ होती, पाय घोट्यापर्यंत रुतला. ही माती त्यांना खणता येते.

भिंतीपाशी चांदवस्ताद पोत्यावर बसले होते. मी पाणी मागितलं. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. वस्तादांनी आपला तांब्या माझ्याकडे सरकवला. मी घेतला. त्यांना माफ केलं म्हणून नव्हे, फडकं ओलं करायला पाणी हवं होतं म्हणून.

आधी खालची ओळ पुसली. काव ओली झाली की पसरते, दोनतीनदा पुसावं लागलं. मग वर तुमचं नाव उरलं. एकटं नाव चांगलं दिसत होतं हो. मोठं, ठसठशीत, वळणदार. कोनाड्याच्या अगदी जवळ होतं. मी हात थांबवला. वाटलं, राहू दे, एवढं राहू दे, त्यांना हवं होतं. मग वाटलं, उद्या तात्या माणूस पाठवून खालची ओळ पुन्हा लिहून घेतील. मी नाव पुसलं.

संध्याकाळी तात्यांनी निरोप धाडला की आता या भिंतीवर निवृत्ती पैलवानाला कायमची जागा नाही. मी निरोप्याला म्हटलं, सांग, बरं.

तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटू दे. जिथं असाल तिथून विचारत असाल, लावली का गं. नाही लावली. मी लावू दिली नाही.